बिनतारी जाळ्यातल्या रांगा: पाळी कोणाची हे रांगेची लांबी ठरवते तेव्हा

पारवा (धागाकर्ता)

मंडळी, गेले काही महिने एकाच विषयात डोकं घालून बसलोय. त्यातली एक कल्पना मला इतकी आवडली आहे की इथे मांडल्याशिवाय राहवत नाही. धागा लांबेल, पण गणित बेरीज-गुणाकाराच्या पुढे जाणार नाही.

मोबाइलचा टॉवर काय करतो असं विचारलं तर बहुतेक जण ‘सिग्नल देतो’ म्हणतील. सिग्नल देतोच, पण त्याचं मोठं काम पाळ्या लावण्याचं आहे. टॉवरपाशी प्रत्येक ग्राहकाची वेगळी रांग असते आणि तिच्यात त्याची पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) थांबलेली असतात. हवा मात्र सगळ्यांत मिळून एकच. एलटीईमध्ये (म्हणजे ४जीत) दर १ मिलिसेकंदाला शेड्युलर, म्हणजे टॉवरमधला पाळ्या लावणारा प्रोग्राम, ठरवतो की वेळेचा हा तुकडा, म्हणजे स्लॉट, कोणाला द्यायचा. म्हणजे सेकंदाला हजार निर्णय. ५जीमध्ये स्लॉट याहून छोटे, ०.५ किंवा ०.२५ मिलिसेकंदाचेही असतात.

तारेवर हे सोपं असतं, कारण लिंकचा वेग ठरलेला असतो. कोणालाही पाळी द्या, तेवढीच पॅकेटं जाणार. हवेत दोन गोष्टी आड येतात. एक तर वेग क्षणाक्षणाला बदलतो: माणूस भिंतीआड गेला, मध्ये गाडी आली, नुसता हात फिरला तरी फरक पडतो. दुसरं म्हणजे जवळचे दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं.

कागदावर करता येईल असं उदाहरण घेऊ. ग्राहक दोन, अ आणि ब. कुठल्याही स्लॉटमध्ये अचा चॅनेल (टॉवर आणि त्याच्यामधली हवेची वाट) चालू असण्याची शक्यता निम्मी, बचीही निम्मी, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. एका स्लॉटमध्ये एकाचंच एक पॅकेट जातं, तेही त्याचा चॅनेल चालू असेल तरच. दोन्ही बंद असण्याची शक्यता पाव, म्हणजे १०० स्लॉटपैकी सरासरी ७५ कामाचे. आवक अशी धरू: १०० स्लॉटमागे अची ३२ पॅकेटं, बची ३८. बेरीज ७०. कामाचे स्लॉट ७५ आहेत, तेव्हा मावायला हवं.

आता पाळ्या लावून बघा. एक स्लॉट अला, एक बला, असं डोळे मिटून वाटलं तर प्रत्येकाला ५० पाळ्या मिळतात आणि त्यातल्या निम्म्या चॅनेल बंद असताना येतात. हाती २५. दोघंही बुडाले.

मग चॅनेल बघून वाटू. अचा चॅनेल चालू असेल आणि त्याचं काही थांबलेलं असेल तर आधी अ, नाहीतर ब. अ त्याचे ३२ स्लॉट घेतो. उरले ६८, त्यातल्या निम्म्यांत बचा चॅनेल चालू, म्हणजे ३४. येतात ३८. दर १०० स्लॉटला ४ पॅकेटं मागे राहतात. स्लॉट १ मिलिसेकंदाचा असेल तर सेकंदाला ४०, मिनिटाला २४००.

उलट करू, आधी ब. ब ३८ घेतो, उरले ६२, अला मिळतात ३१. येतात ३२. गळती छोटी आहे पण थांबत नाही. मिनिटाभरात ६०० पॅकेटं अच्या रांगेत.

आता तिसरा नियम. ज्यांचे चॅनेल चालू आहेत त्यांच्यात ज्याची रांग लांब, त्याला पाळी. बस, एवढंच. दोन्ही रांगा आटोक्यात राहतात. लिआंद्रोस तासिउलास आणि अँथनी एफ्रेमिडीस या दोघांनी हे १९९३ च्या निबंधात सिद्ध केलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, त्यांनी याहून व्यापक गोष्ट मांडली होती: अनेक टप्प्यांच्या रेडिओ जाळ्यात लिंकच्या या टोकाची रांग पुढच्या टोकाच्या रांगेपेक्षा किती लांब आहे तो फरक (टप्पा एकच असेल तर नुसती रांगेची लांबी) आणि लिंकचा वेग यांचा गुणाकार करून ज्या लिंका मिळून सगळ्यात जास्त वजन देतात त्यांना पाळी द्या. याला मॅक्सवेट म्हणतात. जो भार कुठल्या ना कुठल्या नियमाने पेलता येतो, तो या नियमाने पेलतो.

मला भिडलं ते असं की शेड्युलरला आवक माहीत नसते. ३२ आणि ३८ हे आकडे त्याला कोणी सांगितलेले नसतात. तो फक्त या क्षणी कोणाचं किती साचलंय ते बघतो, आणि पुरतं. रांगेकडे आपण कटकट म्हणून बघतो. इथे रांगच शेड्युलरला आवकीची बातमी देते.

गारगोटी

पारवा, मांडणी आवडली. पण उदाहरणात एक पळवाट राहिली आहे. दोन्ही चॅनेल चालू असतील आणि दोघांचंही काही थांबलेलं असेल तेव्हा नाणं उडवलं तर?

मी हिशोब केला. बची रांग कायम भरलेली धरते. अच्या रांगेत काही असतं तेव्हा अला दर १०० स्लॉटला ३७.५ मिळतात: २५ असे की फक्त अ चालू, आणि दोन्ही चालू असलेल्या २५ पैकी निम्मे. अची आवक ३२, म्हणजे त्याची रांग १०० पैकी साधारण ८५ स्लॉट भरलेली आणि १५ स्लॉट रिकामी. त्या ८५ मध्ये बला ३२ मिळतात, उरलेल्या १५ च्या निम्मे म्हणजे सात-साडेसात. एकूण ३९ च्या वर. बची आवक ३८. म्हणजे नाणेफेकीनेही भागतं! मग रांगेची लांबी मोजायचा खटाटोप कशासाठी?

पारवा

गारगोटी, हिशोब बरोबर आहे आणि प्रश्नही मुद्द्याचा आहे. आता आवक थोडी हलवा. अ २५, ब ४५. बेरीज तीच, ७०. अची रांग १०० पैकी ६७ स्लॉट भरलेली. त्यात बला २५, आणि उरलेल्या ३३ च्या निम्मे १६-१७. एकूण ४२ च्या आत. येतात ४५. नाणेफेक गेली.

गंमत बघा, याच आवकीला ‘आधी ब’ हा नियम चालतो: ब ४५ घेतो, उरलेल्या ५५ चे निम्मे २७.५, आणि अला हवेत २५ च. म्हणजे ३२-३८ ला जो नियम हरला तोच इथे तरला, आणि तिथे तरलेला इथे हरला. हे ठरीव नियम कुठल्या ना कुठल्या भाराला बेतलेले असतात. भार बदलला की नियम बदलावा लागतो, आणि भार तर सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. लांबी बघणारा नियम न सांगता सावरतो. त्याला नाण्याचा कल किती ठेवायचा हे विचारावं लागत नाही, रांगाच तो कल ठरवतात.

नवखा_वाटसरू

दादा, मी शेवटच्या वर्षाला आहे, रांगांचा विषय यंदाच लागलाय. दोन शंका. लांबीला वेगाने गुणायचं हे कुठून आलं? आणि सिद्धता सगळीकडे लिआपुनोव्हच्या नावाने सुरू होते, तिथे माझी गाडी अडते. कोणी सोपं करून सांगेल का?

पारवा

प्रयत्न करतो. अलेक्सांद्र लिआपुनोव्ह या रशियन गणितज्ञाने १८९२ च्या प्रबंधात स्थिरता तपासायची एक रीत दिली. यंत्रणेची अवस्था सोडवत बसू नका. एक ‘उंची’ ठरवा आणि ती घसरत राहते का तेवढं बघा. वाडग्यात गोटी कशी फिरते हे न मोजताही ती तळाकडे येणार हे आपल्याला कळतं ना, तसं.

रांगांसाठी उंची म्हणजे प्रत्येक लांबीचा वर्ग करून केलेली बेरीज. वर्ग कशाला? एक रांग १० ची, दुसरी ३ ची. १० मधलं एक पॅकेट गेलं तर १०० चे ८१ झाले, उंची १९ ने उतरली. ३ मधलं गेलं तर ९ चे ४, उतार ५ चाच. वर्ग घेतल्यामुळे लांब रांगेतलं पॅकेट काढणं आपोआप जास्त मोलाचं ठरतं. आता एकाच पाळीत एकाहून जास्त पॅकेटं जात असतील तर उतार साधारण लांबी गुणिले वेग याच्या दुप्पट होतो. आला गुणाकार! अची रांग १२ आणि वेग १, बची रांग ५ आणि वेग ३. बारा विरुद्ध पंधरा, पाळी बला. रांग अची लांब असूनही, कारण बचा चॅनेल आत्ता चांगला आहे आणि तो पुढच्या क्षणी असेलच असं नाही.

मॅक्सवेट दर स्लॉटला सगळ्यात खडा उतार निवडतो. भार पेलण्याजोगा असेल तर उतार देणारा एखादा नियम असतोच, आणि सगळ्यात खडा उतार त्याहून कमी कसा असेल? सिद्धतेचा जीव एवढाच आहे. बाकीची पानं सरासरी नीट घेण्यात जातात.

नवखा_वाटसरू

अडलं होतं ते ‘त्याहून कमी कसा असेल’ इथेच. आता सुटलं. तुमचं ३२-३८ चं उदाहरण आज रात्री प्रोग्राम लिहून चालवून बघतो.

कंदील

चर्चा छान चालली आहे. मी रेडिओ नेटवर्कच्या कामात बरीच वर्षं आहे, तेव्हा प्रत्यक्षातलं थोडं.

पहिली गोष्ट, रांगेची लांबी शेड्युलरला कळते कशी? टॉवरकडून फोनकडे जायच्या पॅकेटांची रांग टॉवरपाशीच असते, ती दिसते. पण फोनकडून टॉवरकडे जायची रांग फोनच्या पोटात असते. म्हणून फोन अधूनमधून बफरचा (रांग थांबते त्या जागेचा) अहवाल पाठवतो. एलटीईत तो सहा बिटांचा, म्हणजे ६४ टप्पे, आणि शेवटच्या टप्प्याचा अर्थ ‘दीड लाख बाइटच्या वर’ इतकाच. चॅनेलची स्थिती चार बिटांत, ० ते १५. म्हणजे शेड्युलरच्या हातात येतं ते ढोबळ आणि थोडं शिळं.

आता इथे एक फरक फार महत्त्वाचा आहे, आणि मला तो उशिरा कळला. रांगेचा आकडा थोडा शिळा असला तरी पेलता येणारा भार घटत नाही. रांग ५००० ची असताना ४९८० समजली तर काय बिघडलं? रांगा वाढतात तशी ती चूक बारीक होत जाते. चॅनेलचा आकडा शिळा असेल तर मात्र खरं नुकसान होतं. तुम्ही ज्या वेगाने पाठवलं तो वेग आता नाहीच, पॅकेट गेलं वाया, आणि रांग कितीही लांब असली तरी तो स्लॉट परत येत नाही. वेगाने चालणाऱ्या गाडीतल्या माणसाला सेवा देणं कठीण जातं त्याचं हे एक कारण.

दुसरं, सगळीकडे मॅक्सवेट चालतो असं समजू नका. ३जीच्या काळात डेटासाठी आलेल्या १एक्सईव्ही-डीओ यंत्रणेत १.६७ मिलिसेकंदाचे स्लॉट होते आणि तिथे ‘प्रपोर्शनल फेअर’ नियम रुजला. आत्ताचा वेग भागिले आतापर्यंत मिळालेला सरासरी वेग, हे ज्याचं जास्त त्याला पाळी. कोणीच उपाशी राहत नाही आणि प्रत्येकाला त्याच्या चांगल्या क्षणी पाळी मिळते. देखणा नियम आहे, पण तो रांगेकडे बघतच नाही. प्रत्येकाकडे पाठवायला सतत काहीतरी आहे अशा गृहीतकावर तो उभा आहे. रांगा खऱ्या असतील, आवक मोजकी असेल, तर जो भार पेलता आला असता त्यातही या नियमाखाली रांग अमर्याद वाढल्याची उदाहरणं सिद्ध झालेली आहेत.

आणि मॅक्सवेटच्या बाजूचीही एक अडचण सांगतो. कोणाचे तरी तीनच पॅकेटं आलेत. छोटा निरोप, पुढे काही येणार नाही. त्याची रांग ३ वर थांबली. शेजारी मोठी फाइल उतरवणाऱ्याची ३००. तीनवाल्याचा चॅनेल फारच चांगला निघाला तर ठीक, नाहीतर तो बसून राहतो, कारण त्याची रांग वाढतच नाही, मग वजन कुठून वाढणार? यावर उपाय म्हणजे लांबीऐवजी रांगेतल्या पहिल्या पॅकेटने किती वेळ वाट पाहिली ते मोजायचं. वाट पाहणं कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे तीनवाल्याचंही वजन चढत जातं आणि कधीतरी त्याची पाळी येतेच.

शेवंती

कंदील, शेवटचा परिच्छेद वाचून समाधान वाटलं. मी आवाजाच्या कॉलवर काम करते. आमची पॅकेटं दर २० मिलिसेकंदाला एक, इवलीशी. आमची रांग कधी लांब होतच नाही, आणि तरीही उशीर झाला की माणसाला लगेच तुटक ऐकू येतं. लांबी हे निकडीचं माप नव्हे, हे आम्हाला रोज दिसतं.

दीपमाळ

मी शेड्युलर लिहीत नाही, पण एका वसतिगृहाचं वाय-फाय सांभाळतो. या धाग्यामुळे एक जुना त्रास नव्याने समजला, तो सांगतो.

तक्रार अशी यायची की ‘नेट बंद पडतं’. मी जाऊन बघायचो तर बंद नसायचंच. एक दिवस लॅपटॉपवर पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) चालू ठेवून बसलो. २२, २४, २३ मिलिसेकंद. मग शेजारच्या खोलीतल्या मुलाने व्हिडिओ चढवायला घेतला. ९०, ३१०, ७४०, १३००, आणि मग १९०० च्या आसपास जाऊन स्थिरावलं. एकही पॅकेट हरवलं नव्हतं! सगळी पोचत होती, फक्त दोन सेकंद उशिरा. चढवणं संपलं आणि पिंग परत २३ वर आलं. त्या स्क्रीनकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो.

मागाहून हिशोब जुळला. लिनक्समध्ये (आमच्या राउटरवर चालते ती संगणक प्रणाली) बरीच वर्षं रांगेची मर्यादा १००० पॅकेटं अशी ठरीव असायची. १००० पॅकेटं, प्रत्येकी १५०० बाइट, म्हणजे १ कोटी २० लाख बिट. आमचा बाहेर जाण्याचा वेग सेकंदाला ६० लाख बिट. भागाकार केला की २ सेकंद. म्हणजे ती रांग काठोकाठ भरली होती, आणि माझं पिंग तिच्या शेपटीला उभं होतं.

गारगोटी

दीपमाळ, हा जॉन लिटलचा नियम आहे, १९६१ मध्ये त्याने सिद्ध केला: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे आवकीचा दर गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. तुमचं पिंग त्याचं चालतंबोलतं प्रात्यक्षिक. या फुगलेल्या बफरांना जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास ‘बफरब्लोट’ हे नाव रुळवलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल हे रांग आवरायचं तंत्र आणलं. त्यात पॅकेटं मोजतच नाहीत. पॅकेट रांगेत किती वेळ राहिलं ते बघतात. १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत थांबण्याचा वेळ एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही तर पॅकेटं टाकायला सुरुवात होते, म्हणजे पाठवणारा वेग कमी करतो.

हवेत तर वेळ मोजणंच शहाणपणाचं. दाराजवळच्या फोनसाठी १००० पॅकेटं चुटकीसरशी जातील. तोच फोन लांब गेला, वेग पन्नासावा हिस्सा झाला, की तीच १००० पॅकेटं पन्नासपट वेळ घेतील. पॅकेटांची एकच मर्यादा दोघांना कशी पुरणार?

दीपमाळ

अगदी हेच. आणखी एक गोष्ट जुन्या वाय-फायमध्ये त्रास द्यायची, ती बहुतेकांना माहीत नसते. वाय-फायमध्ये पाळी पॅकेटाच्या हिशोबाने मिळते, वेळेच्या नाही. समजा एक लॅपटॉप ५४ मेगाबिटवर आहे आणि कोपऱ्यातल्या खोलीतला एक ६ वर. १५०० बाइटचं पॅकेट पहिल्याला २२२ मायक्रोसेकंद घेतं, दुसऱ्याला २०००. एक याचं, एक त्याचं, असं आलटून पालटून गेलं तर एका फेरीला २२२२ मायक्रोसेकंद. वरखर्च सोडून दिला तरी दोघांनाही मिळतात ५.४ मेगाबिट. ५४ वाला त्या सहावाल्याच्याही खाली आला! तेच वेळ निम्मी निम्मी वाटली तर जवळच्याला २७ आणि लांबच्याला ३. बेरीज १०.८ ऐवजी ३०. लांबच्याचं २.४ चं नुकसान होतं हे खरं, पण त्याच्यासाठी सगळ्या मजल्याने रखडायचं का? माझं स्पष्ट मत वेळेच्या वाटणीच्या बाजूने आहे. अलीकडच्या लिनक्स ड्रायव्हरांत ही सोय आली आहे, आणि मी ज्या दिवशी ती चालू केली त्या दिवसापासून मजल्यावरच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या.

शेवंती

वाय-फायमध्ये मधोमध बसून पाळ्या लावणारा कोणी नसतो, हा मुद्दा इथे यायला हवा. प्रत्येक जण आधी ऐकतो, हवा मोकळी वाटली की ० ते १५ मधला एक आकडा मनात धरून तेवढे स्लॉट थांबतो, मग बोलतो. टक्कर झाली की १५ चे ३१, मग ६३, असं १०२३ पर्यंत. ही सगळी घराणी अलोहाची. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटांना जोडणारं ते जाळं चालवलं. तिथे ऐकणंही नव्हतं, मनात आलं की बोलायचं. त्यामुळे उपयोगी वेळ जास्तीत जास्त १८ टक्के, स्लॉट पाडले तर ३७.

माझा प्रश्न: मॅक्सवेटला सगळ्यांच्या रांगा एका जागी कळाव्या लागतात. जिथे मधला कोणी नाहीच, तिथे काय?

पारवा

शेवंती, हाच प्रश्न मलाही बरेच दिवस छळत होता. आधी अडचण किती खोल आहे ते बघू. एका ओळीत तीन लिंका धरा. मधली दोन्ही टोकांच्या आड येते, टोकं एकमेकांच्या आड येत नाहीत. वजनं ४, ८, ५. एकेकटी बघितली तर मधली सगळ्यात जड. पण टोकं दोन्ही मिळून ९ होतात, म्हणून पाळी टोकांना. तीन लिंका असल्या तर तोंडी जमतं. तीनशे असल्या आणि कोण कोणाच्या आड येतं याचं जाळं आडवंतिडवं असलं, तर सगळ्यात जड संच शोधणं हा संगणकशास्त्रातल्या अवघड प्रश्नांपैकी एक होऊन बसतो. एका मिलिसेकंदात तर सोडाच.

तासिउलास यांनीच १९९८ मध्ये यावर एक वाट दाखवली. दर स्लॉटला एक संच आपला यादृच्छिक निवडा, आधीच्या स्लॉटच्या संचाशी वजन ताडून बघा, जड असेल तो ठेवा. कधीतरी उत्तम संच हाती लागण्याची थोडी तरी शक्यता असली की झालं, भार सगळा पेलला जातो. मला हे वाचून खरंच विश्वास बसेना. कारण तेच, जे कंदील यांनी सांगितलं: रांगा लांब असतात तेव्हा त्यांची लांबी सावकाश बदलते, म्हणून आज सापडलेला चांगला संच उद्याही जवळजवळ चांगलाच असतो.

आणि मधला कोणी नसेल तर? २००८ ते २०१० च्या दरम्यान जिआंग व वॉलरँड, तसंच राजगोपालन, शाह व शिन, आणि नी, टॅन व श्रीकांत अशा वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की ऐकून बोलणाऱ्या जाळ्यातही हे जमतं. आपली रांग जितकी लांब तितका आपण बोलण्याचा आग्रह जास्त धरायचा, बस. प्रत्येकाने फक्त स्वतःच्या रांगेकडे बघायचं आणि हवा ऐकायची. शेजाऱ्याची रांग किती हे विचारायची गरजच नाही, कारण शेजारी किती वेळा बोलतो त्यातूनच ते कानावर पडतं. फक्त आग्रह लांबीच्या प्रमाणात चढवत न्यायचा नाही, फार हळू वाढवायचा, लॉगॅरिदम किंवा त्याहूनही मंद. घाई केली तर जाळं एका संचावर अडकून बसतं आणि बाकीच्यांना शिरकाव मिळत नाही.

गारगोटी

इथे मला थांबवून बोलायचं आहे, कारण धाग्यात दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध चालल्यात आणि कोणी बोट ठेवलेलं नाही. पारवा म्हणतात रांग ही माहिती, तिच्यावरून शेड्युलर शिकतो. दीपमाळ यांचा अनुभव आणि मी सांगितलेलं कोडेल म्हणतं रांग हा रोग, ती ५ मिलिसेकंदांत आवरा. दोन्ही एकाच पॅकेटाबद्दल! ‘स्थिर’ म्हणजे फक्त अमर्याद न वाढणारी. स्थिर रांग दोन सेकंदांची असू शकते.

सगळ्यात साधी रांग घ्या, आवकही यादृच्छिक, सेवाही. क्षमतेच्या ८० टक्के भाराला सरासरी ४ जण, ९० ला ९, ९५ ला १९, ९९ ला ९९. क्षमता पूर्ण वापरणारा नियम म्हणून ज्याचं कौतुक चाललंय तो काठावर गेला की रांग अशी चढते. अनेक टप्प्यांच्या जाळ्यात तर आणखी वाईट. तिथे पॅकेट या नाक्याच्या रांगेतून पुढच्या नाक्याच्या आखूड रांगेकडे जातं, उतारावरून पाणी जावं तसं. दहा टप्प्यांपलीकडे पोचायचं तर आधी दहा पायऱ्यांचा उतार पॅकेटांनीच रचायला हवा. भार अगदी कमी असेल तर उतारच नसतो, आणि पॅकेटं इकडून तिकडे भटकत राहतात.

पारवा

गारगोटी, मान्य, आणि हे मीच आधी लिहायला हवं होतं. १९९२ चा निकाल क्षमतेबद्दल बोलतो, उशिराबद्दल काहीच वचन देत नाही.

पण दोन्हींचा मेळ बसतो असं मला मनापासून वाटतं. शेड्युलरला लागतो तो आकडा. त्या आकड्यामागे खरी पॅकेटं साचलेली असलीच पाहिजेत असं नाही. मग नुसता गणक ठेवायचा, आभासी रांग. खरं पॅकेट आलं की गणक एकाहून थोडा जास्त वाढवायचा, पॅकेट जाण्याजोगी पाळी मिळाली की एकने कमी, मग पाठवायला खरं पॅकेट असो वा नसो. म्हणजे जणू भार आहे त्याहून ५ टक्के जास्त. शेड्युलर त्या फुगवलेल्या गणकांकडे बघून पाळ्या लावतो, गणक मोठे होतात, त्यांच्यातून शिकणं चालू राहतं, आणि खऱ्या रांगांना गरजेपेक्षा किंचित जास्त सेवा मिळत असल्याने त्या आखूड राहतात. किंमत म्हणजे क्षमतेचा तो ५ टक्के तुकडा सोडून द्यायचा. तुमच्याच आकड्यांनी बघा, ९९ वरून ९५ वर आलं की ९९ चे १९ होतात. मी हा सौदा डोळे झाकून करेन.

भटकण्यावर उपाय जुना आहे: प्रत्येक नाक्याच्या रांगेत मुक्कामापर्यंतचं अंतर मिळवून टाकायचं. भार नसला तरी मुक्कामाकडे उतार तयार असतो.

कंदील

आभासी गणकाला माझा दुजोरा. ज्यांना ठरावीक किमान वेग द्यायचा असतो त्यांच्यासाठी अशी नाणी साठवणारे गणक ठेवणं ही कल्पना आमच्या क्षेत्रात नवी नाही. देणं साचलं की वजन वाढतं.

नवखा_वाटसरू

दादा, ताई, प्रोग्राम चालला! दहा लाख स्लॉट चालवले, आवक ३२ आणि ३८. ‘आधी अ’ मध्ये बची रांग चाळीस हजारांच्या घरात गेली, आलेख सरळ रेघेसारखा. ‘आधी ब’ मध्ये अची रांग सावकाश चढली, सुरुवातीचे काही हजार स्लॉट तर मला वाटलं ही तगणार. लांबी बघणाऱ्या नियमात एकेका रांगेत वीसच्या वर पॅकेटं क्वचितच दिसली.

मग गारगोटीताईंचं वाचून आवक ३४ आणि ४० केली, बेरीज ७४. तेव्हा रांगा पन्नासच्या वरही जाऊन येऊ लागल्या. परत उतरतात, पण वेळ घेतात. आता गणकवाला प्रकार लिहितोय. एक विचारायचं होतं: गणक फुगवताना प्रत्येक पॅकेटामागे १.०५ मिळवायचे की दर वीस पॅकेटांमागे एक जास्तीचं?

पारवा

दोन्ही चालेल, लांबच्या सरासरीत एकच. वीसामागे एक लिहायला सोपं, गणक पूर्णांकात राहतो. फक्त ७४ च्या भाराला ५ टक्के फुगवू नकोस, ते ७७.७ होतात आणि ७५ च्या बाहेर जातात. गणक पळत सुटतील. त्या भाराला शंभरामागे एक ठेव.

दीपमाळ

सुट्टीच्या दिवशी राउटरची १००० ची मर्यादा काढून कोडेल बसवलं, आणि बाहेर जाण्याचा वेग लिंकच्या थोडा खाली बांधला, म्हणजे रांग आमच्याच राउटरपाशी होईल आणि पलीकडच्या पेटीत होणार नाही. तोच मुलगा, तशीच व्हिडिओ फाइल. पिंग २३ वरून ३५ च्या आसपास गेलं आणि तिथेच राहिलं. व्हिडिओ चढायला आधीपेक्षा जरासा वेळ जास्त लागला. त्याला विचारलं तर त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या खोलीत अजून १५० च्या वर उसळ्या दिसतात. ते हवेतलं आहे, राउटरपाशी सुटणार नाही. पुढच्या आठवड्यात तिथला अ‍ॅक्सेस पॉइंट हलवून बघतो आणि आकडे इथे टाकतो.